बोलत बोलत उचलायचं

पोरं तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे सावकाशबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. क्रीडासंकुलाच्या तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत तेरा-चौदा वर्षांची मुलं तिच्या ताब्यात असत. कुणी भाला फेकणारं, कुणी पळणारं, कुणी पोहणारं; पण लोखंड उचलायची घाई सगळ्यांना सारखीच. बाई त्यांच्या हातात झाडूचा दांडा द्यायची. आधी स्वतःच्या अंगाचं वजन पेला, मग हा दांडा खांद्यावर घेऊन नीट बसायला-उठायला शिका, मग रिकामा लोखंडी दांडा, आणि वजनाच्या चकत्या त्यानंतर, त्याही हलक्या. कोण जास्त उचलतो अशी पैज कुणी लावली, तर बाई त्याची बिनपाण्याने हजामत करायची.

तिची स्वतःची एक रीत होती. उचलताना मुलाने बोलत राहायचं. शाळेत काय झालं, कुणाचं कुणाशी वाजलं, काहीही. बोलणं सरळ चाललंय तोवर वजन अंगाला झेपतंय. आवाज कापला, की दांडा खाली. बाकीचे प्रशिक्षक चेष्टा करायचे, "तुझी व्यायामशाळा आहे की चिमण्यांची शाळा?" हसेनात का! मुलं बोलायची आणि बाई डोळे मिटून ऐकायची. कानांवर तिचा भरवसा होता, जरा जास्तच होता.

त्या वर्षी तिची भाची तिच्याकडे राहायला आली. बहिणीने बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या हवाली केलीय. धडधाकट परत दे." भाला फेकणारी पोर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. वर्षभरात अशी उंच झाली होती की सगळ्या पँटी घोट्याच्या वर गेल्या होत्या. हाडं भराभर वाढत असतात तेव्हा पाठ जपायची, वजन वाढवायची घाई करायची नाही, हे बाई इतरांच्या आईबापांना घसा फोडून सांगायची. पण भाचीचं बोलणं म्हणजे नळ सोडल्यासारखं. बसताना अडखळणं नाही, उठताना नाही. ते ऐकून बाईही विरघळली आणि चकत्या चढत गेल्या.

दुखलं तर सांगायचं, आणि सांगितलं की बाई म्हणेपर्यंत बाकावर बसायचं, असाही नियम होता. निवडचाचणी तोंडावर आली तसा तो बाक रिकामा राहू लागला. यंदाची पोरं कणखर आहेत, असं बाई चारचौघांत कौतुकाने सांगत सुटली.

घरी मात्र काहीतरी बिनसलं होतं. भाची जमिनीवरचा मोजा वाकून उचलायची नाही, पायाच्या बोटांत धरून वर घ्यायची. खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यायची. वरच्या फळीवरचा डबा हवा असला तर "मावशी, तू काढ ना" म्हणायची, आणि उंचीने ती मावशीच्या वर. तिचं ते खो खो हसणं तर बंदच झालं होतं. एका सकाळी शिंक यायच्या आधी तिने भिंत धरली, तेव्हा बाईने विचारलंच.

"पाठ दुखतेय का गं?"

"छे! काहीतरीच तुझं."

आवाज अगदी स्वच्छ होता. बाईने स्वतःची समजूत घातली आणि चहा ओतला.

पुढच्या आठवड्यात भाची दांड्याखाली उभी राहिली आणि सुरू झाली. गणिताच्या तासाला खिडकीतून मांजर आलं, सर घाबरून खुर्चीवर चढले, खडू सगळे खाली. बाई डोळे मिटून ऐकत होती, हसतही होती. मग तिचं हसू थांबलं. हे मांजर आधीही एकदा आलं होतं. त्याच खिडकीतून, त्याच शब्दांत. श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. पोर काही सांगत नव्हती, पाठ केलेलं म्हणत होती. बाईने डोळे उघडले. आवाज संथ चालला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

बाईने धावत जाऊन दांडा स्वतःच्या हाताने त्याच्या लोखंडी घोडीवर ठेवला. "आता एका पायावर उभी राहा आणि जरा मागे वाक. हळू."

पाठीचं हाड दुखावलं असलं की असं वाकताना कळ येते, हे बाईला ठाऊक होतं. भाची जेमतेम वाकली असेल नसेल, तिचे डोळे भरून आले. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"कधीपासून?"

"चकत्या वाढल्या तेव्हापासून."

"अगं, रोज एवढी बडबडतेस, हे एक सांगता आलं नाही?"

"बाकावर बसवलं असतंस. चाचणी गेली असती." मग मावशीचीच समजूत काढावी तशी ती म्हणाली, "गोष्ट पाठ असली ना, की आवाज कापत नाही. तोंड आपोआप चालतं. सगळेच तसं करतात, मावशी. मीच शिकवलं त्यांना."

बाईने तिला बाकावर बसवलं. डॉक्टरकडे न्यायचं होतं, बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं ते ठरवायचं होतं. पण आधी ती खोलीकडे वळली. जिकडेतिकडे मुलं बसत-उठत होती आणि किती छान बोलत होती.

"खाली ठेवा सगळं!" ती ओरडली. दांडे टेकले, खोली गप्प झाली. "खरं सांगा रे. मी रागावणार नाही. कुणाला काही दुखतंय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही बाई," सगळी म्हणाली. एकाचाही आवाज कापला नाही.