केतकी रंगाची मालकी

माझी लेक डोंबिवलीच्या एका दवाखान्यात बाळंत झाली आणि नातवाचा रंग बघून मी मिरवायलाच लागले. केतकीच्या पानासारखा, सोनसळी. हा रंग माझ्या आजोळचा, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी फरशी पुसणाऱ्या मावशींनाही सांगून टाकलं. मग कळव्याहून विहीणबाई आल्या. त्यांनी बाळाला खिडकीपाशी नेलं, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या सासूबाई अश्शाच होत्या." पुरावा म्हणून फोनमधला सासूबाईंचा फोटोही दाखवला. तो कृष्णधवल आहे, हे मी अत्यंत नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं.

तेवढ्यात बाळांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाळाच्या नाकावर बोट दाबून उचललं, मग छातीवर, मग पोटावर. आम्ही दोघी माना पुढे काढून उभ्या, जणू आता निकालच लागणार.

"कावीळ आहे," त्या म्हणाल्या.

"आमच्यात नाही हो कोणाला," विहीणबाई तत्काळ म्हणाल्या. आमच्यातही नसल्याचं मी जाहीर केलं. मघाशी दोन घराण्यांनी ओढलेला रंग क्षणात बेवारस झाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. नवजात बाळांना हे बरेचदा होतं, म्हणाल्या. पण रक्तातला काविळीचा आकडा वाढलेला निघाला, म्हणून फोटोथेरपी, म्हणजे दिव्याचा उजेड, द्यायची ठरली. त्या उजेडाने अंगातलं पिवळं विरघळतं आणि शी-शूतून निघून जातं.

लेक मात्र हसली नाही. बाळाला लंगोटावर, डोळ्यांना पट्टी बांधून, निळ्या दिव्याखाली काचेच्या पेटीत ठेवलं, तशी ती काचेला नाक लावून उभी राहिली. "आई, त्याला वाटत असेल, मला टाकून गेली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. विहीणबाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बोल गं त्याच्याशी. डोळे बांधलेत, कान नाही बांधले."

ती बोलू लागली. ती दमली की आम्ही. दोन्ही घरांतली सगळी भानगड त्या पोराने निळ्या उजेडात पडल्या पडल्या ऐकली. नर्स मधूनच येऊन भाकरी उलटावी तसं त्याला उलटायची, दूध पाजायला लेकीकडे द्यायची. लंगोट ओला झाला की विहीणबाई कौतुकाने कळव्याला फोन लावायच्या.

अखेर आकडा उतरला. दिवे बंद करून पुन्हा रक्त तपासलं, तरी तो खालीच राहिला. नर्सने बाळाला लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, आता दिवा नको, घरी न्या. पिवळेपणाखालून निघाला तो जावयासारखा छान सावळा मुलगा. लेकीने त्याला हाक मारली. त्याने आवाजाकडे मान वळवली, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि भलीमोठी जांभई दिली.

"ओळखलं मला," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतली बाळं उठून रडायला लागली.