आबांचं लाल तेल

पाहुणा घरी आला की माणसं आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. आमचे आबा आधी चिंधी पुढे करत. पांढरी चिंधी, तिच्यावर लाल तेलाचा एक थेंब, आणि काठी टेकून आबा समोर उभे. "हुंगा बरं. जळकट वास येऊन राह्यला का?" पाहुणा सोयरिकीचं बोलायला आलेला असो की तलाठी असो, त्याला ती चिंधी नाकाला लावावीच लागे. वास येत नाही म्हटलं तर आबा म्हणत, "नीट हुंगा." येतो म्हटलं तर मग घरात कुणाला जेवण गोड लागू देत नसत. मी त्यांचा सख्खा पुतण्या, त्यामुळे माझ्या नाकाला कधी सुट्टीच नव्हती.

हे तेल खायचं नव्हतं, डोक्याला लावायचंही नव्हतं. आबांच्या जुन्या अमेरिकन मोटारीच्या गिअरपेटीचं ते तेल. जानेफळला आमची शेती. एकदा भरल्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि आबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याआधी ते जीप चालवत. आता क्लच दाबणार कोण? सहा-आठ महिने ते ओट्यावर बसून होते. पुढे लाकडी पाय लावून काठीनं घरापुरतं चालू लागले, पण शेतात जायचं तर दोन गडी त्यांना उचलून बैलगाडीत ठेवत आणि उचलून उतरवत. त्या वेळी आबा मान दुसरीकडे वळवून घेत, कुणाशी बोलत नसत. मग कुणीतरी सांगितलं की अमेरिकेच्या काही मोटारींना क्लचच नसतो, गिअर आपोआप पडतात. महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात ट्रॅक्टर आला तरी बघायला माणसं जमायची, आणि आबा नागपूरहून ती लांबरुंद हिरवी मोटार स्वतः चालवत घेऊन आले. गावानं त्यांना बिनक्लचचे आबा म्हणायला सुरुवात केली आणि त्या नावाचा त्यांना फार अभिमान होता.

गाडी आली आणि वर्षभरात तेलाचं दुखणं सुरू झालं. मेहकरच्या मिस्त्रीनं ट्रकच्या गिअरपेटीत टाकतात ते दाट तेल ओतलं. त्याचीही काही चूक नव्हती, गिअरपेटी म्हटली की तो तेच ओतत आला होता. गाडी नुसती घुरघुरली, जागची हलली नाही. ते काढून त्यानं इंजिनाचं तेल टाकलं. आता गाडी सपाटीवर चालायची आणि चढ आला की इंजिन ओरडायचं, चाकं मात्र विचारात पडायची. एकदा आबांना चढावर असंच अडकावं लागलं आणि मागून आलेल्या बैलगाडीवाल्यानं त्यांना उचलून गावात आणलं. त्या दिवसापासून आबांनी ठरवलं की गाडीत जाईल ते पुस्तकात लिहिलेलंच तेल, दुसरं नाही.

ते पुस्तक गाडीबरोबर आलेलं, इंग्रजीत. आबांची इंग्रजी शून्य. पण तेलाचं पान कितवं, त्या पानावर तेलाच्या जातीचं अक्षर कुठल्या ओळीत, हे त्यांना पाठ होतं. मी नांदुऱ्याच्या शाळेत मास्तर. सुटीत घरी गेलो की पिशवी खाली ठेवायच्या आत पुस्तक हातात. "वाच. इथं काय लिहेल हाय?" मी वाचायचो, हेच तेल वापरावं, दुसरं वापरू नये. "पुन्हा वाच." छापलेलं बदलणार आहे का आबा, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "छापेल नाही बदलत. वाचणारा मागच्या खेपेले काय वाचला होता ते पाहून राह्यलो."

तेल पाहण्याची त्यांची रीत होती. गाडी गरम झालेली हवी, इंजिन चालू हवं, जमीन सपाट हवी. त्यासाठी अंगणाचा एक तुकडा त्यांनी मुरूम टाकून, ठोकून, पाणी ओतून सपाट करून घेतला होता आणि त्यावर कुणी दाणे वाळत घातले की ओरडत. पेटीतलं तेल मोजायचा गज काढायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा, परत घालायचा, परत काढायचा, मग बोटांत तेल चोळून हुंगायचं, जळकट वास आला की समजायचं पेटी आतून खराब होतेय. काकूंनी त्या सोग्याचे डाग काढण्यात आयुष्य घालवलं. मिस्त्री हसायचा, तेव्हा आबा त्याला सांगत, "तेल म्हंजे रक्त हाय तिचं. तू माणसाले कोणाचंही रक्त भरतं का बे?" दिवसातून दोनदा हे चालायचं, आणि आम्ही सगळे जेवायला खोळंबून बसायचो.

ते तेल फक्त मुंबईला मिळे. डबे रेल्वेनं नांदुऱ्याला येत आणि नांदुऱ्याला मी राहत होतो, एवढाच माझा गुन्हा. स्टेशनवरून डबा उचलायचा, एसटीत मांडीवर घेऊन खामगाव, मेहकर करत जानेफळ गाठायचं. डबा पाझरायचा. माझ्या तीन पँटी त्यात गेल्या. एका खेपेला माल लवकर येईना म्हणून मी स्वतः मुंबईला दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता, चहा पाजला, आणि सहज बोलण्यात म्हणाला की या तेलात देवमाशाचं तेल असतं, म्हणून तर ते एवढं मऊ चालतं.

मी कप खाली ठेवला. कारण आमचे आबा माळकरी. नुसती माळ घातलेले नव्हेत, शेजारी कुणी सुकट भाजली तर ओट्यावरून उठून आत जाऊन बसणारे. आणि हा माणूस दिवसातून दोनदा ते तेल बोटांवर चोळत होता, हुंगत होता, त्याच हातानं माळ ओढत होता. मी परतीच्या गाडीत खूप विचार केला आणि गप्प बसायचं ठरवलं. आबा रोज शेतात स्वतः जात होते, हिवऱ्याच्या आश्रमात आठवड्याला जात होते, कुणाच्या हाताला हात न लावता. ते एका वाक्यानं काढून घेणारा मी कोण? दोन वर्षं मी एक शब्द बोललो नाही. या गोष्टीचं श्रेय मला कुणी दिलं नाही, देणार तरी कसं.

मग डब्यावरचं छापील बदललं. नेहमीच्या अक्षरापुढे आणखी एक शब्द आला. आबांनी डबा उघडूच दिला नाही. "हे ते नव्हे." मी तो डबा मेच्या उन्हात परत नेला. दुकानदाराचं पत्र मागवलं, की तेल तेच आहे, सुधारलेलं आहे, जुन्या गाडीला चालतं. पत्र घेऊन, डबा घेऊन पुन्हा गेलो. "दुकानदार तं तसं म्हणनच." पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला एसटी वाटेत बंद पडली, मी शेवटचे चार मैल डबा खांद्यावर घेऊन चाललो आणि शर्टापासून चपलेपर्यंत लाल झालो. आबांनी या वेळी डबा उघडला. बोट बुडवलं, चोळलं, डोळे मिटून हुंगलं.

"वास वेगळा हाय. भेसळ हाय याच्यात."

शाळेत मी शुद्ध बोलायचो. त्या दिवशी मात्र तोंडातून गावच निघालं. "भेसळ नाही आबा, मासा हाय मासा. देवमाशाचं तेल हाय त्याच्यात. अन् आजच नाही, पयल्या डब्यापासून हाय."

काकू तुळशीला पाणी घालत होत्या. रिकामा डबा राखेनं घासून लख्ख केला की त्याच डब्यानं त्या पाणी घालत, आमच्या घरात तशी पद्धतच पडून गेली होती. त्यांनी हातातला डबा हळूच खाली ठेवला. आबांनी आपलं बोट बघितलं. मग मला विचारलं, "कवापासून ठाऊक हाय तुले?"

"दोन वर्स झाले."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, हेच मला जड गेलं. काठी टेकत विहिरीवर गेले, आंघोळ केली आणि त्यानंतर गाडीला हात लावला नाही. मी नाना प्रकारे समजावलं. माळ तुमच्या गळ्यात आहे, गाडीच्या नाही. तेल गडी पाहील, तुम्ही नुसती चालवा. ते म्हणायचे, "आपल्यासाठीच फिरते ना ते गाडी?" मी मुंबईला पत्रं पाठवली, मासा नसलेलं तेल आहे का. नव्हतं. सुटीत गेलो तेव्हा दोन गडी त्यांना बैलगाडीत ठेवत होते आणि आबा मान वळवून दुसरीकडे बघत होते. मला बघवलं नाही. मी घरात गेलो आणि काकूंवर उगाच चिडलो.

चार-पाच वर्षांनी त्या दुकानदाराचं आपण होऊन पत्र आलं. कारखान्यानं आता देवमाशाचं तेल टाकणं बंद केलं होतं. मी तसाच मुंबईला गेलो, डबे घेऊन जानेफळला आलो. आबा खूप वाकले होते. मी पत्र वाचून दाखवलं, दोनदा वाचलं, त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं नाही. मेहकरहून मिस्त्री आला, गाडी त्या सपाट जागेवर ढकलली, आबांना पुढच्या सीटवर बसवलं. मी नरसाळं धरून तेल ओतलं. थोड्याच वेळात खालून टपटप सुरू झालं आणि मग धार लागली. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे आतले रबर वाळून तडकले होते. ओतलेलं सगळं तेल मुरमावर पसरलं. मिस्त्री म्हणाला, आता ही पेटी काही धरत नाही.

आबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी दाराशी गेलो. वाटलं होतं, तेलाबद्दल काहीतरी खुसपट काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर चिडता आलं असतं.

"तू गप बसला होता ना, ते दोन वर्स," ते म्हणाले, "लय चांगले गेले बे माहे. तसाच गप राह्यला असता तं काय बिघडलं असतं तुहं?"

मी खाली बसलो आणि हातानं मुरूम ओढून त्या तेलावर टाकत राहिलो. मागून मिस्त्रीनं गड्यांना हाक मारली, आबांना उतरवून घ्यायला.