नावच बाटली

बाटली दिसली की मला आजही राग येतो. बाटलीचा नव्हे हो, माणसांचा.

त्या उन्हाळ्यात कल्याणात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आमच्या आळीतली दोन माणसं गेली, दोन्ही आमच्याच विहिरीचं पाणी पिणारी. ठाण्याच्या डॉक्टरांचा निरोप आला, पाणी बाटलीत भरून पाठवा. तपासून जंतू सापडले तर विहीर बंद करून औषध टाकू. उकळून धुतलेली बाटली घेऊन शिपाई दारात उभा. ती पाहताच मामंजी, म्हणजे माझे सासरे, गरजले, "नावच बाटली! हिच्यात पाणी बाटायचंच. माझ्या विहिरीत बुडवायची नाही!"

थोरल्या जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अत्तराच्या बाटलीनं तेवढं मामंजींचं अंग बाटत नाही वाटतं!" मी पदरात तोंड खुपसून हसले.

तोडगा मामंजींनीच काढला. सोवळ्यानं स्वतः पाणी शेंदलं, रात्रभर आपल्या तांब्याच्या कळशीत ठेवलं, सकाळी उंचावरून शिपायाच्या बाटलीत ओतलं. शिपायानं तरी विचारावं, पाणी कधीचं, कशातलं? छे!

चार दिवसांनी उत्तर आलं, जंतू नाहीत. तोवर मी घरातलं पाणी उकळत होते, तेही मामंजींनी बंद करवलं. "डॉक्टरांनी लिहून दिलंय, आता लाकडं कशाला जाळतेस?"

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंना पटकी झाली. सकाळी पडल्या, दिवेलागणीच्या आत आटोपलं. पाठीमागे दोन लेकरं.

मग डॉक्टर स्वतः आले. पाणी कसं भरलंत, विचारू लागले. मामंजी म्हणाले, "सोवळ्यानं, माझ्या हातानं." मी दाराआडून बोलले, परपुरुषाशी जन्मात पहिल्यांदा, "रात्रभर तांब्याच्या कळशीत होतं."

डॉक्टर परत गेले नि कळशीचीच परीक्षा त्यांनी घेतली. एक पाणी काचेत, एक तांब्यात, दोन्हींत पटकीचे सारखेच जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी काचेतले जिवंत, तांब्यातले मेलेले. हे सांगायला ते नवी बाटली घेऊन आले, तर मामंजी ओटीवर जमलेल्यांना म्हणतात कसे, "पाहिलंत? आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ठाऊक होतं तर घरात तांब्याची भांडी दोनच का? एक देवाचं, एक तुमचं. आम्ही बायका-पोरं मातीच्या माठातलं ताजं पाणी प्यायचो. जंतू तुमच्या कळशीत मेले, जाऊबाई माठापाशी मेल्या. असली कसली ही पूर्वजांची विद्या, जी माजघरापर्यंत पोचत नाही?

हे सगळं मनातच. तोंडानं एवढंच म्हटलं, "बाटली द्या इकडे."

"सूनबाई, थांब, सोवळं..."

मी थांबले नाही. बाटलीला दगड बांधला, दोर बांधला, नि सगळ्यांदेखत सरळ विहिरीत सोडली. बुडबुड आवाज करत ती भरली. म्हटलं, बाटू दे.