आग्रहाचा पेग

मालाडच्या ज्या बारमध्ये मी शनिवारी संध्याकाळी बसतो, तिथे त्या दिवशी काउंटरमागे नवा माणूस होता. पन्नाशीचा, कपाळावर ठसठशीत गंध. जुना बारटेंडर अचानक सोडून गेला म्हणून मालकाने यालाच उभं केलं होतं. अनुभव काय, तर आयुष्यभर लग्नाच्या पंगतीत वाढपी! दारू कधी चाखलेलीही नाही.

त्याने मापाने माझा पेग ओतला. मी ग्लासवर हात धरून "बस" म्हणालो. तो गोड हसला आणि माझ्या बोटांच्या फटीतून आणखी दारू ओतली.

"अहो, बस म्हटलं ना!"

"पहिलं बस लाजेचं असतं, साहेब."

शेजारच्या टेबलावर जाऊन तो एका गृहस्थांना म्हणाला, "तुम्ही तर काहीच घेत नाही!" तेवढ्यात गल्ल्यावरून मालक ओरडला, "अरे, माप कशाला दिलंय? वाट लावशील माझी! परत केलंस तर सरळ घरी जायचं."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग बराच वेळ तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला. ते रिकामे हात बघवेनात.

मी बिल मागवलं, तेव्हा तो उकडलेल्या चण्यांचं पातेलं आणि डाव घेऊन आला.

"दारूला माप आहे, साहेब. चण्याला नाही."

मी खोलीवर एकटाच जेवतो. मला शेवटचा आग्रह कोणी केला होता, आठवेना.

मी "बस" म्हणालो. पण एकदाच.