बोलणारे तेल

भुताखेतांच्या गोष्टींना मी वर्गात कधी थारा दिला नाही. मोहाडी तालुक्यातील शाळांतून आयुष्यभर विज्ञान शिकवले. एखादा विद्यार्थी ‘सर, आमच्या धानाच्या बांधीत चकवा हाये’ असे म्हणाला, तर मी त्याला एवढेच विचारायचो — पाहिले कोणी, कशाच्या उजेडात, आणि त्या वेळी आसपास दुसरे काय घडत होते? निवृत्तीनंतर हेच प्रश्न मला स्वतःला विचारावे लागतील असे वाटले नव्हते. घटना दिवसाढवळ्या घडली आणि आम्ही चार माणसे तेथे हजर होतो. ती जशी घडली तशी, क्रम न बदलता सांगतो.

आधी दादाविषयी सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, ट्रक चालवायचा. मोहाडीच्या कडेला त्याचे घर. अंगणात चिंच आणि चिंचेखाली गाडी. हंगामात तो गावोगावचे धान राईस मिलवर पोचवत असे. गाडी जुन्या बांधणीची होती, तिचा डिझेल पंप साधा होता, म्हणून तो तिला डिझेलसोबत परके अन्नही खाऊ घालायचा. गॅरेजमध्ये इंजिनातून काढून टाकलेले काळे तेल असते ना — आमच्याकडे त्याला ‘जला ऑइल’ म्हणतात — ते तो गोळा करून आणी, ड्रममध्ये उन्हात निवळू देई, वहिनीच्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांतून गाळी आणि थोडे थोडे डिझेलमध्ये मिसळून टाकीत ओती. वाचकांनी हे करू नये. धूर घातक असतो, राख इंजिनात साचते. मी दादाला हे अनेकदा समजावले होते. तो हसून म्हणायचा, “गुरुजी, तुमचं पुस्तक गाडीले वाचून दाखवा. तिले पटलं तं सोडून देतो.”

या कामात एक परीक्षा फार महत्त्वाची असे. तेलात पाण्याचा अंश राहिला तर पंप खराब होतो. म्हणून दादा चुलीवर एक टाकाऊ तवा तापवी आणि त्यावर तेलाचा थेंब सोडी. पाणी असेल तर त्याची वाफ होऊन थेंब बारीक तडतडतो. पाणी नसेल तर तेल मुकाट पसरते आणि निळसर धूर सोडते. शास्त्र इतकेच आहे. परंतु केबिनमधल्या आवाजाने दादाचे कान मंद झाले होते, त्याला ती तडतड ऐकू येत नसे. म्हणून वहिनी शेजारी लाकडी पिढ्यावर बसायची आणि दादा दर वेळी विचारायचा, “ऐक वं, बोलते का?”

वहिनी कान देऊन सांगायची — “बोलते.” मग तेल पुन्हा उन्हात. किंवा, “चूप हाये. टाका.” मग गाडी निघे.

दादाचे एक ठरलेले वाक्य होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते ऐकवायचा: “तेल बोललं तं खराब, न् बायको बोलली नाई तं खराब!” त्यावर वहिनी म्हणायची, “बोलली तं म्हणता तोंड लय चालते. नाई बोलली तं म्हणता फुगली. एक काईतरी धरा न!”

दादा एका पावसाळ्यात गेला. आजार छातीचा होता. आणि त्या दिवसापासून वहिनी बोलली नाही... रुसून नाही, रडून नाही. जणू पाटीवरचे अक्षर पुसावे तसा तिचा आवाज गेला. मान हलवायची, हाताने दाखवायची. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, दोष सापडला नाही. दिवसचे दिवस ती गाडीच्या सावलीत बसून राही. जेवण कमी होत गेले. तिची एकुलती मुलगी शालू जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. तिला दिवस गेले होते. “काका, आईले घेऊन जातो म्हणतो तं ते गाडीचं चाक धरून बसते. अशीच सुकून जाईन ते एक दिवस,” असे ती मला फोनवर सांगायची.

शेवटी शालूने आणि मी गाडी विकायचे ठरवले. वहिनीला विचारले तेव्हा तिने बराच वेळ गाडीकडे पाहिले आणि मान हलवली. ती मान ‘हो’ म्हणून हलली की नुसतीच, हे मी आजही सांगू शकणार नाही.

नाकाडोंगरीचा हेमराज गाडी न्यायला आला, ती उन्हाळ्याची सकाळ होती. शालूही आदल्या दिवशी येऊन राहिली होती. दादाचा जुना ओळखीचा, तोंडाचा मोकळा माणूस. टाकी रिकामी असणार म्हणून त्याने सोबत डिझेलचा कॅन आणला होता. तो टाकीचे झाकण उघडू लागला, तशी वहिनी घरातून बाहेर आली. कोपऱ्यात दादाने दवाखान्यात जाण्यापूर्वी गाळून ठेवलेला, घट्ट झाकलेला शेवटचा ड्रम होता. तिने त्याच्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“काय म्हणते वहिनी?” हेमराजने विचारले.

“दादाचं तेल घालून गाडी जावी म्हणते,” मी म्हणालो.

वहिनीने मान हलवली — या वेळी निश्चित ‘हो’ म्हणून — आणि ती आत गेली.

मी विटा मांडून जाळ केला, तोच तवा ठेवला आणि ड्रमच्या वरच्या थरातून नळीने तेल काढले. हेमराज चिंचेला टेकून म्हणाला, “का गुरुजी, भजे तळून राहिले का? बेसन घेऊन येऊ?” मी चमच्याने थेंब सोडला. तेल मुकाट पसरले. अपेक्षाही तीच होती. एवढे महिने निवळलेल्या, झाकलेल्या तेलात पाणी कोठून येणार?

एवढ्यात वहिनी पिढा घेऊन आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. तिच्या देखत पुन्हा दाखवावे म्हणून मी दुसरा थेंब सोडला.

तड... तडतड.

हेमराज टेकलेला होता तो सरळ उभा राहिला. दारात उभी असलेली शालूही पुढे आली.

मी घाबरलो नाही. हे मी प्रौढीने सांगत नाही, मला खरोखरच चमचा ओला असल्याचे वाटले. मी चमचा पुसला, जाळावर धरून कोरडा केला. पुन्हा थेंब, पुन्हा तडतड. तेल निराळ्या थरातून घेतले, तवा घासून तापवला, फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे मी मुलांना शिकवत आलो. बदलण्याजोगी एकच गोष्ट उरली होती. मी शालूला म्हटले, “आईला जरा आत ने, पाणी दे.”

वहिनी आत गेली. तेल गप्प. ती बाहेर आली, पिढ्यावर बसली. तेल तडतडू लागले.

“गुरुजी,” हेमराज हळूच म्हणाला, “हे का होऊन राहिलं जी?”

मग जे केले ते प्रयोगाचा भाग नव्हते. दादा विचारायचा तेच मी, माझ्या नात्याला शोभेल अशा शब्दांत विचारले. “ऐका वहिनी... बोलते का?”

तिने डोळे मिटले, कान दिला. तिचे ओठ दोनदा नुसतेच हलले. आणि मग, गंजलेली कडी सरकावी तसा तिचा आवाज आला.

“बोलते.”

शालूने तोंडावर पदर धरला. वहिनीचे आमच्याकडे लक्षच नव्हते. ती तव्याकडे वाकून, घरात कोणी झोपलेले असताना बोलावे तशी, हलक्या आवाजात बोलत होती.

“काहून अडवून राहिले जी? मले का करमते का इथं तुमच्याबिगर? पोरीचे दिवस भरत आले. तिच्याजवळ कोन हाये? मी जाऊन राहिली तिच्याकडे. गाडी हेमराज भाऊ नेऊन राहिले, जपतीन ते... अन् मी जेवतो बरोबर. खरंच जेवतो. चूप बसा न आता.”

ती सरळ बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “टाका भाऊजी, एक थेंब.”

मी टाकला. तेल पसरले. निळसर धुराची एक रेघ चिंचेकडे गेली. आवाज — काही नाही.

“चूप हाये,” वहिनी म्हणाली. “टाका टाकीत.”

दादा मिसळायचा तसे डिझेलमध्ये मिसळून आम्ही ते ओतले. गाडी सुरू झाली तेव्हा तो ओळखीचा, जळक्या तेलाचा वास अंगणभर पसरला. शालू नाक दाबून मागे सरली. वहिनी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत तेथेच उभी होती, आणि नंतर म्हणाली, “हेमराज भाऊले चहा द्याचा राहूनच गेला, बाई!”

त्याच आठवड्यात ती जवाहरनगरला गेली. आता नातीशी दिवसभर बोलत असते. शालूची तक्रार आहे की पोरीला झोपू देत नाही.

त्या ड्रममधले थोडे तेल मी बाटलीत राखून ठेवले होते. उन्हाळ्यात तपासले, पावसाळ्याच्या दमट हवेतही तपासले. ते एकदाही तडतडले नाही. एकच कसोटी राहिली होती. दिवाळीला वहिनी नातीला घेऊन मोहाडीला आली तेव्हा मी तिला पिढ्यावर बसवले, तवा तापवला आणि थेंब सोडला. तेल गप्पच राहिले. मी विचारात पडलेला पाहून ती हसली.

“आता कायले बोलंल ते, भाऊजी? आता मी बोलून राहिली न!”

हे स्पष्टीकरण मी विज्ञान म्हणून मान्य करू शकत नाही. दुसरे माझ्याजवळ नाही.