सक्सेसचे मेल

"सर्व्हर जळाला आणि मी रजेवर आहे असं समजा. सगळं परत उभं करा," असं माझ्या हाताखालच्या निखिल आणि अस्मिताला सांगून मी व्हरांड्यात जाऊन बसले.

२०१० साल. भूगावात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची छोटी कंपनी होती. रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते त्यात दिसायचं. सर्व्हर आमचेच, मागच्या खोलीत. सिस्टिम ॲडमिन मी.

ही सगळी माहिती, म्हणजे डेटाबेस, क्लाऊडवर न्यावा, असं आमचे बॉस देशमुख सर म्हणत होते. म्हणजे मशीन दुसऱ्या कंपनीचं. डिस्क बदलणं, बॅकअप घेणं तिच्याकडे. माझा विरोध होता. माझा सर्व्हर एकदाही पडला नव्हता. पडलाच तरी तो लगेच उभा करता येतो, हे दाखवायला ही चाचणी ठेवली. चालू सर्व्हरला हात न लावता कालचा बॅकअप शेजारच्या रिकाम्या मशीनवर चढवायचा. तासाभराचं काम.

घरमालक तात्या विहिरीवरून आले. बाहेर का बसलात, म्हणाले. मी सांगितलं.

"विहीर सोताची असली तरी मोटार जळली की आपल्यालाच उतराया लागतं, मॅडम," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दीड तासाने अस्मिता बाहेर आली. बॅकअपची फाइल रिकामी होती. आदल्या दिवशीचीही. तीन आठवड्यांच्या सगळ्याच. बॅकअपची डिस्क भरली होती आणि बॅकअप घेण्यासाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट रोज रिकामी फाइल बनवून मला 'सक्सेस'चा मेल पाठवत होती. ते मेल मी न उघडताच डिलीट करायचे.

आधी नव्या डिस्कवर बॅकअप घेतला, रिकाम्या मशीनवर चढवला, पिशव्यांचे आकडे जुळवले. मग सरांकडे गेले.

"तीन आठवडे बॅकअप नव्हता, सर. चूक माझी. डेटाबेस क्लाऊडवर नेऊ या."

"तिथं चुका होणार नाहीत?"

"होतील. पण त्यांच्याकडे बघायला चोवीस तास माणसं आहेत. इथे मी एकटी आहे."

महिन्याभरात डेटाबेस हलवला. टेस्टिंगची मशीन्स आमच्याकडेच ठेवली. ती बंद पडली तर कुणाचं अडत नव्हतं. अट एकच घातली: दर महिन्याला बॅकअप चढवून बघायचा, आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी.

चौथ्या महिन्यात क्लाऊडवाल्या कंपनीचं पत्र आलं. एक डिस्क बिघडली होती, बदलली. एकाही रक्तपेढीचा तक्रारीचा फोन आला नव्हता.

आजही कुणी मला बॅकअप आहे असं सांगितलं, की मी विचारते, शेवटचा कधी चढवून बघितलात? बहुतेक जण विषय बदलतात.