गोल ओरखडे

गाडी समोर आली की मिस्तरी आधी डोळे मिटायचे. मग ओरखड्यावरून अंगठ्याचं नख हलकेच आडवं फिरवायचे आणि म्हणायचे, "अटकत नाही. निघून जाईल." नख अटकलं तर, "हा राहील. थोडा कमी दिसेल, बस." त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलं की एका दसऱ्यापाशी थांबावं लागतं.

आमच्या गावच्या शनवारा मोहल्ल्यात त्यांचं दुकान होतं. एक शटर, बसायला पाट आणि जुन्या धोतरांच्या मऊ चिंध्या. इंजिनाला ते हात लावत नसत. मोटरसायकलची टाकी, मडगार्ड, हेडलाइटची रिंग यांवरचे बारीक ओरखडे काढायचे, एवढंच काम. शेजारच्या बुधवारा मोहल्ल्यात माझं कापडाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

कारण ते ओरखडे वाचायचे. दापोऱ्याहून एक जण टाकी घासायला घेऊन आला, तर नख फिरवून म्हणाले, "लेकराला पुढं बसवता ना? पायातल्या वाळ्याचा आहे." तो बघतच राहिला. दुसऱ्याला म्हणाले, "पट्ट्याचं बक्कल बदल बेटा, नाहीतर टाकी बदलावी लागेल."

एकदा एक नवराबायको आले. टाकीच्या बाजूला, मागं बसणाऱ्याचा हात पोहोचेल तिथं, हातातल्या धातूच्या कड्याचा ओरखडा होता. मिस्तरींनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. नुसत्या लाखेच्या बांगड्या. लगेच ते यंदाच्या उन्हाबद्दल बोलू लागले. दोघं गेल्यावर मी खोदून विचारलं, तर हसून म्हणाले, "ओरखडा काढायचा, भाऊ. कोणाचा, ते बोलायचं नाही."

आता तो दसरा.

आदल्या दिवशी त्यांनी माझ्या गाडीचं स्टीलचं मडगार्ड आरशासारखं करून दिलं होतं. सकाळी बायको पूजेची पितळी भांडी चिंच आणि राखेनं घासत होती. मला वाटलं, गाडीचीही पूजाच आहे, अजून चमकू दे. तिच्या हातातला राख लागलेला चिंचेचा गोळा घेतला आणि ताट घासावं तसं मडगार्ड गोल गोल घासलं. ओलं होतं तोवर छान दिसलं. पूजेच्या वेळी ऊन पडलं आणि सगळीकडे बारीक वर्तुळं उमटली.

गल्ली जमलेली. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, हे काय झालं?"

मी म्हणालो, "मिस्तरीनं केलं. म्हातारा झाला आता."

एवढंच बोललो. दिवाळीपर्यंत ते वाक्य सगळ्या बुधवाऱ्यात फिरलं. सणाच्या आधी त्यांच्या दारात गाड्या लागायच्या, त्या वर्षी दार रिकामं दिसलं.

शेवटी मीच गाडी घेऊन गेलो. दोघंतिघं बसले होते, त्यांनाही ते वाक्य माहीत होतं. मिस्तरींचा हात नेहमी सरळ चालायचा, मडगार्डच्या लांबीनं. गोल कधीच नाही. त्यांनी वर्तुळं पाहिली. मडगार्डच्या दुमडलेल्या काठात नख घातलं आणि चिंचेचा एक वाळका रेशा बाहेर काढला. सगळ्यांना दाखवला असता, तर त्यांचं नाव तिथंच धुऊन निघालं असतं. त्यांनी तो चिंधीत गुंडाळला आणि म्हणाले, "निघेल."

का बोलले नाहीत, याचा मी आजही विचार करतो. राग असता तर चेहऱ्यावर दिसला असता. नंतरही माझ्यासाठी चहा मागवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं, सांगून टाकायचं. पण नुसतं कसं जायचं? म्हणून घराच्या चाबीनं मडगार्डवर एक ओरखडा ओढला आणि तो दाखवायला म्हणून गेलो. मिस्तरींनी डोळे मिटले, नख फिरवलं. डोळे न उघडताच म्हणाले, "हा मुद्दाम केलाय. बोला भाऊ, काय बोलायचं होतं?"

माझ्या तोंडून निघालं, "काही नाही. चाबी लागली."

"बरं," म्हणाले आणि त्यांनी चिंधी उचलली.

पावसाळ्यात मी लेकीकडे होतो. परत आलो तेव्हा शटर बंद होतं. चहावाल्यानं सांगितलं, झोपेतच गेले.

तो चाबीचा ओरखडा पुरता गेलेला नाही. नख अटकतं. त्या दिवशी वाटेत घोकत नेलेलं वाक्य असं होतं: मिस्तरी, चिंच मी लावली आणि नाव तुमचं घेतलं, मला माफ करा.